दुखत नाही म्हणून बिनघोर राहू नका



हल्ली जत्रेत, आठवडे बाजारात पोरांच्या हातात लेझरची बारीक बॅटरी दिसते. बटण दाबले की भिंतीवर हिरवा नाहीतर तांबडा ठिपका. खेळणे म्हणून आपणच ती घेऊन देतो. तिने डोळ्याला इजा कशी होते, ते आम्ही येथे मांडत आहोत.

कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या माणसांना वेल्डिंगचा त्रास ठाऊक आहे. उघड्या डोळ्याने त्या उजेडाकडे पाहिले की रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी गळते, झोप लागत नाही. पण ती इजा पुढची, बुबुळावरची. बहुधा एक-दोन दिवसांत भरून येते. लेझरचे उलटे आहे. भिंगाने ऊन एका जागी आणून कागद जाळायचा खेळ आपण सर्वांनीच केलेला आहे. डोळ्यातले भिंग लेझरचा किरण तसाच मागच्या पडद्यावर एका टिपक्यात आणते. मूल त्याच्याकडे टक लावून बघत असेल तर हा टिपका नेमका पडद्याच्या मध्यावर पडतो. अक्षर वाचायचे, चेहरा ओळखायचा, ते याच जागेने. आणि पडद्याला दुखण्याची जाणीव नाही. तिथे भाजले तरी पोर रडत नाही.

प्रखर उजेड आला की पापणी पाव सेकंदात मिटते, आणि किरण १ मिलिवॅटच्या आतला असेल तर तेवढ्याने निभावते. पण वर ५ मिलिवॅटच्या आत असे छापून आत कितीतरी जास्त ताकद असलेला माल तपासणीत सापडलेला आहे. त्यात पोरे पैज लावतात, कोण जास्त वेळ बघतो म्हणून! २०१४ साली इंग्लंडमधील शेफील्डच्या नेत्रतज्ज्ञांनी अशा खेळण्याने पडदा भाजलेल्या पाच मुलांची हकीकत प्रसिद्ध केली.

एक डोळा अधू झाला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलाला उमजत नाही, उमजले तरी मार बसेल म्हणून गप्प बसते. तेव्हा न रागावता विचारा. एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरची बारीक अक्षरे वाचायला लावा. मध्ये डाग दिसतो, ओळ वाकडी दिसते म्हणाले, तर पडदा तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे लगेच न्या. ती बॅटरीही सोबत घ्या. तिथे ओसीटी नावाच्या यंत्राने पडद्याचे थर दिसतात. त्यात दुखत नाही.

उपचाराबाबत स्पष्टच सांगतो. जळालेली जागा पूर्ववत करील असे खात्रीचे औषध नाही. काही डॉक्टर स्टेरॉइड देतात, पण त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. सौम्य इजा काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप सुधारते. काहींची नजर मात्र कायमची कमी राहते. पडद्याला छिद्र पडले तर शस्त्रक्रिया करता येते. पुढे तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्या तर डोळ्यात इंजेक्शन देतात. म्हणून नजर सुधारली तरी डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये.

मध, दूध, दुकानातून आणलेले थेंब घालत बसू नका. त्यातले काही पडद्याची भाजलेली जागा भरून काढत नाही, दिवस तेवढे वाया जातात. आणि बॅटरी घरात असेल तर तिचे सेल आजच काढून ठेवा.