शहराचा नकाशा आणि आपले दुकान : हरकती-सूचना कशा गोळा कराव्यात?

रस्ता रुंद होणार आहे, आठवडा बाजार हलणार आहे, अमुक गटावर बगीच्याचे आरक्षण पडले आहे, अशा बातम्या आपल्या व्यापारी बंधूंना बहुधा चहाच्या टपरीवर कळतात. तासभर चर्चा होते, दोन-चार कडक शब्द बोलले जातात आणि मंडळी आपापल्या धंद्याला लागतात. पुढे नोटीस हातात पडली की धावपळ सुरू होते, पुढाऱ्यांच्या घरी खेपा होतात. पण ज्या मुदतीत आपले म्हणणे ऐकून घेण्यास कायदा शासनाला बांधून ठेवतो, ती मुदत तोपर्यंत संपून गेलेली असते.

शिरोळच्या व्यापाऱ्यांसाठी हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. शिरोळ ही २०१८ पर्यंत ग्रामपंचायत होती, त्या वर्षी ती नगरपरिषद झाली. नगरपरिषद आली म्हणजे केवळ घरपट्टीची पावती बदलत नाही. शहराची विकास योजना तयार करण्याची जबाबदारीही कायद्याने तिच्यावर येते. तालुक्यातील जयसिंगपूर व कुरुंदवाड या नगरपरिषदांनाही हाच कायदा लागू आहे. ही योजना आज कोणत्याही टप्प्यावर असो, ती सुधारली जाते, तिच्यात फेरबदल होतात, आणि दर वेळी लोकांचे म्हणणे मागवले जाते. ते कसे मांडावे हे माहीत असणे ही आता दुकानदारीचीच गरज आहे.

आखणी किती काळ टिकते हे पाहण्यासाठी लांब जायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास आपल्या वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. त्या वेळी आखलेल्या, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांवर आज शंभर वर्षांनंतरही तेथील बाजारपेठ उभी आहे. कागदावर ओढलेली एक रेघ तीन पिढ्यांचा धंदा ठरवते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ साली झाला. त्यानुसार नगरपरिषद आधी विकास योजना करण्याचा इरादा जाहीर करते. मग विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो. आज कोणत्या जागेवर घर आहे, कोठे दुकान, कोठे कारखाना, कोठे शेत, हे त्यात दाखवलेले असते. त्यावरून प्रारूप योजना बनते आणि राजपत्रात सूचना देऊन कलम २६ खाली हरकती व सूचना मागवल्या जातात. नगरपरिषदांसाठी ही मुदत साधारणपणे तीस दिवसांची असते. नेमकी तारीख जाहीर सूचनेत पाहावी.

आलेल्या हरकती नियोजन समितीपुढे जातात. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. ज्याने हरकत दिली त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे कलम २८ प्रमाणे या समितीवर बंधनकारक आहे. तिचा अहवाल नगरपरिषदेकडे जातो आणि पुढे योजना मंजुरीसाठी शासनाकडे जाते. शासनाला मोठ्या स्वरूपाचा बदल करावयाचा असेल तर त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

यातील एक शब्द आपल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावा. हरकत ‘कोणतीही व्यक्ती’ घेऊ शकते. सातबारा किंवा मालमत्तापत्रकावर नाव असलेच पाहिजे असे नाही. भाड्याच्या गाळ्यातील शिंपी, फळगाडीवाला बागवान, गादीकाम करणारा नदाफ, चाकू-कात्रीला धार लावणारा शिकलगार, गॅरेजमधील कामगार, हमाल, या सर्वांना तो हक्क आहे. मात्र हरकत लेखी आणि मुदतीत हवी. तोंडी तक्रारीची या कायद्यात किंमत नाही.

संख्या आणि पुरावा

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. २०१४ ते २०३४ या काळासाठी मुंबईची प्रारूप विकास योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इमारती, रस्ते व प्रार्थनास्थळे तिच्यात चुकीची दाखवली होती किंवा दाखवलीच नव्हती. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी योजना दुरुस्त करून नव्याने आणण्याचे आदेश दिले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि अंतिम मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. हरकतींची संख्या मोठी होती हे खरे. परंतु लोक जागेवर बोट ठेवून सांगत होते की नकाशात येथे मोकळी जागा दिसते आणि प्रत्यक्षात येथे इमारत आहे. अशी हरकत कोणालाही जाऊन तपासता येते, म्हणून ती झटकून टाकणे कठीण होते.

आपल्या जिल्ह्याने हे अगदी जवळून पाहिले आहे. शक्तिपीठ महामार्गासाठी जमीन संपादनाची सूचना २०२४ मध्ये निघाली तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी लेखी हरकतीही दिल्या आणि रस्त्यावरही उतरले. त्याच वर्षी शासनाने जिल्ह्यापुरती ती अधिसूचना मागे घेतली. २०२५ मध्ये हा विषय पुन्हा पुढे आला. एकदा हरकत दिली की काम संपले असे होत नाही, कागदपत्रे जपून ठेवावी लागतात, हा धडा त्यातून घ्यावा.

वही घाला, प्रश्न नीट विचारा

हरकती गोळा करणे हे जाणकाराचेच काम आहे असे समजण्याचे कारण नाही. उधारीची वही सांभाळणाऱ्या माणसाला ते सहज जमते. एक मोठी वही घ्यावी आणि तिच्यात रकाने आखावेत : नाव, धंदा, जागेचा सिटी सर्व्हे किंवा गट नंबर, जागा मालकीची की भाड्याची, किती वर्षांपासून, तेथे किती माणसे काम करतात, योजनेतील कोणत्या गोष्टीचा त्रास होणार, आणि त्याऐवजी काय व्हावे. शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. ‘नको’ म्हणणाऱ्या हरकतीपेक्षा ‘हे नको, त्याऐवजी असे करा’ म्हणणारी सूचना समितीला अधिक उपयोगी पडते.

प्रश्न विचारण्यातही हुशारी हवी. ‘रस्ता रुंद व्हावा का?’ असे विचारले तर जो तो आपल्या ओट्याकडे पाहून उत्तर देतो. त्याऐवजी विचारावे की माल किती वाजता उतरतो, टेम्पो कोठे उभा राहतो, गिऱ्हाईक वाहन कोठे लावते, बाजाराच्या दिवशी रस्ता किती वेळ बंद पडतो. अशा उत्तरांतून खरी गरज समजते. कदाचित असे दिसेल की रस्ता रुंद करण्यापेक्षा माल उतरवण्याची वेळ ठरवली आणि एक वाहनतळ दिला तर अडचण सुटते.

कोणाला विचारावे? इशाच्या नमाजनंतर मस्जिदच्या आवारात बैठक बोलावली की दुकानदार पुरुष येतात. घरात शिलाई करणारी स्त्री येत नाही. गाडी सोडून फळवाला येऊ शकत नाही. म्हणून वही त्यांच्या दारी आणि त्यांच्या सवडीने गेली पाहिजे. दुसरे असे की ही वही बाजाराची असावी, एका जमातीची नव्हे. रस्ता रुंद होताना जैन व्यापारी, लिंगायत दुकानदार, कुंभार आणि तांबोळी यांचे ओटे एकाच रेषेत तुटतात. शेजाऱ्याची सही नसलेली हरकत अर्धी राहते.

छाननी : सगळी मते एका वजनाची नसतात

वही भरली की खरे काम सुरू होते. प्रथम मते विषयवार वेगळी करावीत : रस्ता, आरक्षण, बाजाराची जागा, भूवापर, पाणी-गटार. मग प्रत्येक विषय नकाशावर त्या त्या जागी खुणेने दाखवावा. शंभर तक्रारी विखुरलेल्या आहेत की एकाच चौकात जमल्या आहेत हे त्यावरून लगेच दिसते.

नंतर दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्यात, त्रास किती जणांना आहे आणि किती खोल आहे. समजा, ऐंशी दुकानदारांना रुंदीकरणात दोन-दोन फूट ओटा गमवावा लागणार आहे आणि पाच कारागिरांचे कारखाने निवासी विभागात दाखवले गेले आहेत. संख्या ऐंशींची मोठी आहे, पण त्या पाचांना उद्या परवाना मिळणे आणि यंत्र वाढवणेच अवघड होईल. नुसती डोकी मोजली तर ते पाच जण हरवतात. म्हणूनच वेल्डिंग, सुतारकाम, गादी, पॉवरलूम अशा कामाच्या प्रत्येक माणसाने विद्यमान भूवापर नकाशात आपली जागा काय म्हणून दाखवली आहे, हे स्वतः जाऊन पाहावे. चूक असल्यास जुने वीजबिल, परवाना, भाडेपावती जोडून दुरुस्ती मागावी.

मतभेदही लपवू नयेत. दुकानदाराला वाटते की दारातील गाड्या हटाव्यात, गाडीवाल्याला वाटते की हटलो तर उपाशी मरू. दोघेही आपलेच असतात, कधी एकाच घरातले असतात. दुकानदारांचे म्हणणे तेवढे ‘सर्वांचे म्हणणे’ म्हणून पाठवले तर सुनावणीच्या दिवशी गाडीवाला उठून उलट बोलतो आणि सगळ्या अर्जाची किंमत जाते. त्यापेक्षा दोन्ही आकडे लिहावेत आणि आपसात बसून काढलेला तोडगा जोडावा. खोट्या सह्या, एकाच हाताने केलेले दहा अंगठे हे तर निषिद्धच समजावे. ती खोटी साक्ष आहे, आणि एक उघडी पडली की बाकीच्या खऱ्या सह्यांवरही संशय येतो.

हातगाडीवाल्यांसाठी वेगळा कायदा

पथविक्रेता अधिनियम २०१४ हा गाडीवाल्यांच्या फार कामाचा आहे. त्यानुसार दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावयाचे असते आणि पहिले सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना असतात व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असतात. अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व देण्याची तरतूद आहे. विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाण प्रभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत धरले आहे. म्हणजे चार हजार वस्तीच्या प्रभागात शंभर विक्रेते. सर्वेक्षणाच्या दिवशी जो गाडीवर हजर नसतो त्याचे नाव यादीबाहेर राहण्याचा धोका असतो. तेव्हा तारीख समजली की ती गाडी-गाडीवर कळवावी.

पुराची खूण

शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी येते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर कोणी विसरलेले नाही. नियोजनात निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांच्या मध्ये निर्बंध असतात. या रेषांवर गाळ्यांची किंमत ठरते. अशा वेळी दुकानदाराकडे मोलाची माहिती असते : कोणत्या साली पाणी भिंतीवर किती फुटांवर होते, कोणत्या बाजूने आले, किती दिवस राहिले, कोणत्या भरावामुळे अडले. प्रत्येक दुकानातील खूण टेपने मोजून, छायाचित्र काढून वहीत लिहावी. शंभर दुकानांची अशी मोजमापे एकत्र केली तर ती अभियंत्यालाही दुर्लक्षिता येणार नाहीत.

शूरा

सल्लामसलत आपल्यासाठी नवी नाही. कुरआनमधील एका सूरहचे नावच शूरा आहे. हिजरी ५ मध्ये मदीनेवर चाल होत असताना शहराभोवती खंदक खणण्याची सूचना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी केली. ते परदेशातून आलेले, काही काळ गुलामीत राहिलेले होते. पैगंबर (सल्ल.) यांनी ती सूचना मानली, स्वतः माती उपसली, आणि शहर वाचले. शहराच्या आखणीत सूचना कोणाची आहे यापेक्षा ती कामाची आहे की नाही हे पाहिले गेले. आपली वही घेऊन फिरताना हाच दाखला डोळ्यांपुढे असावा.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. हरकतीच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. सुनावणीला एकाने बोलावे, बाकीच्यांनी नकाशा व कागद घेऊन हजर राहावे. आपल्या हरकतीवर काय निर्णय झाला हे न कळवले तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली दहा रुपये भरून अर्ज करावा, त्याचे उत्तर तीस दिवसांत मिळावयास हवे. आणि वही जपून ठेवावी. योजना पुढे सुधारली जाईल तेव्हा आपली मुले त्या टेबलासमोर उभी असतील. त्यांच्या हातात चहाच्या टपरीवरची आठवण नव्हे, तर बापाने मोजून लिहिलेला कागद असला पाहिजे.