नाण्यावरचे पाहुणे

भारतीय नाण्यावरचा शेवटचा कायमचा चेहरा सहाव्या जॉर्जचा. स्वातंत्र्य मिळाले तरी तो लगेच हलला नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी टपाल खात्याने गांधीजींची तिकिटे काढली, तेव्हा ती विकत घ्यायलाही लोक राजाच्या छापाचेच रुपये-आणे मोजत होते. १५ ऑगस्ट १९५० पासून नव्या नाण्यांवर सारनाथचे सिंह आले. नोटांवर राजाच्या जागी गांधीजी असावेत असा विचार झाला होता, नमुनेही तयार होते. पण तिथेही कौल सिंहांनाच मिळाला.

माणसाचा चेहरा नको, हा शिरस्ता चौदा वर्षे टिकला. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले आणि त्याच सालच्या निकेलच्या रुपयावर आणि पन्नास पैशांवर त्यांची छबी उमटली. प्रजासत्ताकाचे हे पहिले स्मारक नाणे. ते काचेच्या कपाटात ठेवायला काढलेले नव्हते. भाजीवाल्यापासून बस कंडक्टरपर्यंत साऱ्यांच्या हातांतून ते फिरले. पन्नास पैशांचे तर दोन छाप निघाले : एकावर नाव देवनागरीत, दुसऱ्यावर रोमन लिपीत.

गुरूआधी शिष्याचा नंबर लागला, हे मात्र खरे. गांधीजी नाण्यावर यायला १९६९ चे जन्मशताब्दी वर्ष उजाडावे लागले. वीस पैसे, पन्नास पैसे, रुपया आणि चांदीमिश्रित दहा रुपये, असा तो संच होता. पहिली तीन नाणी बाजारात खर्च झाली, चांदीचे नाणे लोकांनी जपून ठेवले. चलनातले नाणे आणि हौसेचे नाणे यांच्या वाटा इथूनच वेगळ्या होऊ लागल्या.

इंदिरा गांधींच्या स्मरणार्थ १९८५ साली निघालेले पाच रुपयांचे नाणे हे देशातले त्या किमतीचे पहिलेच. चांगले मोठे, हातावर ठेवले तर वजन जाणवणारे. सिंहछापाचे नेहमीचे पाच रुपये त्यानंतर काही वर्षांनी, १९९२ मध्ये आले.

पुढच्या रुपयांवर दिल्लीतले सत्तांतर वाचता येते. १९८९ च्या रुपयावर जन्मशताब्दीनिमित्त पुन्हा नेहरू. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने डॉ. आंबेडकरांना भारतरत्न दिले, आणि त्याच सालच्या रुपयावर बाबासाहेब आले. १९९१ वर राजीव गांधी. मग अकरा कोनांच्या दोन रुपयांवर पटेल, नेताजी, अरविंद, देशबंधू अशी रांगच लागली. वाजपेयी पंतप्रधान असताना, २००१ मध्ये, त्याच नाण्यावर श्यामाप्रसाद मुखर्जी दिसले. निवड कोणाची केव्हा होते, याला योगायोग म्हणणे जरा भाबडेपणाचे ठरेल.

महाराष्ट्राच्या वाट्याला १९९९ मध्ये दोन रुपयांवर शिवाजी महाराज, २००२ मध्ये रुपयावर तुकोबा आणि २००७ मध्ये पाच रुपयांवर लोकमान्य टिळक आले. तामिळनाडूचा मान आगळा : २००९ च्या पाच रुपयांवर अण्णादुराई यांच्या छबीसोबत त्यांची तमिळमधली सहीही आहे. एरवी हिंदी आणि इंग्रजीच मिरवणाऱ्या नाण्यावर तिसरी लिपी अशी सहीच्या वाटेने शिरली.

नोटांचे गणित उलटे झाले. १९९६ च्या मालिकेपासून तिथे गांधीजी कायमचे मुक्कामाला आले. नाण्यावर मात्र तेही पाहुणेच राहिले.

दरम्यान हौसेच्या नाण्यांवर मोठमोठ्या किमती आल्या. टागोरांसाठी दीडशे रुपये, आंबेडकरांसाठी २०१५ मध्ये सव्वाशे, वाजपेयींसाठी २०१८ मध्ये शंभर. ही नाणी टांकसाळीकडून दर्शनी किमतीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून घ्यावी लागतात, त्यामुळे ती घेऊन दूध आणायला कोणी जात नाही.

रोजच्या व्यवहारात चेहऱ्यांची गर्दी झाली ती दहा रुपयांवर. एकाच किमतीची इतकी वेगवेगळी नाणी पाहून दुकानदार, रिक्षावाले बिचकले, खोट्या नाण्यांच्या अफवा पसरल्या आणि लोक ती घेईनासे झाले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावे लागले : दहा रुपयांची आजवर चौदा प्रकारची नाणी निघाली आहेत, आणि ती सगळी खरी आहेत.