आइसलँडमधील समलिंगी-स्नेही पर्यटन : भूगोल, कायदा आणि समाज

सारांश : उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड हे ज्वालामुखीय बेट व त्याची राजधानी रेक्याविक ही समलिंगी पर्यटकांची पसंतीची ठिकाणे मानली जातात. या पसंतीमागील नैसर्गिक, कायदेशीर व सामाजिक कारणांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला असून भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : आइसलँड, रेक्याविक, समलिंगी-स्नेही पर्यटन, विवाह कायदा, मानवी हक्क.

प्रास्ताविक

पर्यटनाचा विचार करताना निसर्गसौंदर्य, दळणवळण व निवासव्यवस्था हे घटक सामान्यतः लक्षात घेतले जातात. समलिंगी प्रवाशाला मात्र आणखी एका प्रश्नाचा विचार करावा लागतो. आपण ज्या देशात जात आहोत तेथे जोडीदारासह एक खोली मागणे, रस्त्याने हातात हात घालून चालणे किंवा रुग्णालयात जवळचा नातलग म्हणून जोडीदाराचे नाव सांगणे सुरक्षित आहे काय, हा तो प्रश्न होय. ज्या ठिकाणी याचे उत्तर होकारार्थी मिळते, तेथील पर्यटनाला समलिंगी-स्नेही पर्यटन असे म्हणता येईल. ही स्नेहशीलता केवळ जाहिरातीपुरती आहे की कायदा व लोकव्यवहार यांत रुजलेली आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

भौगोलिक पार्श्वभूमी

सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या देशाची लोकसंख्या चार लाखांहून कमी असून तिच्यापैकी बहुसंख्य लोक रेक्याविक व तिच्या परिसरात राहतात. उत्तर अमेरिकी व युरेशियन भूपट्ट येथे परस्परांपासून दूर सरकत असल्याने ज्वालामुखी, उष्ण झरे व भूकंप यांचे सातत्य आढळते. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमानवाहतूक अनेक दिवस विस्कळीत झाली होती. २०२१ पासून रेक्यानेस द्वीपकल्पावर उद्रेकांची मालिका सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक हे मासेमारीचे गाव रिकामे करावे लागले. याच भूगर्भीय उष्णतेवर देशातील सुमारे नव्वद टक्के घरे उबदार ठेवली जातात. रेक्याविक या नावाचा अर्थच 'धुराचा उपसागर' असा आहे. येथे धूर म्हणजे उष्ण झऱ्यांची वाफ होय.

हक्कांचा प्रवास

आइसलँडमधील आजची मोकळीक ही निसर्गदत्त नाही. समलिंगी संबंध १९४० मध्ये गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळले गेले; परंतु सामाजिक मान्यता त्यानंतरही दीर्घकाळ मिळाली नाही. लोकप्रिय गायक व अभिनेते हॉर्दुर तॉरफासॉन यांनी १९७५ मध्ये एका नियतकालिकाच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. त्याची परिणती अशी झाली की, लोकांच्या रोषामुळे त्यांना देश सोडून डेन्मार्कमध्ये जावे लागले. १९७८ मध्ये 'साम्तोकिन ७८' ही संघटना स्थापन झाली व तिच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. समलिंगी व्यक्तींनी स्वतःसाठी स्वीकारलेले शब्द संघटनेच्या जाहिरातीत प्रसारित करण्यास सरकारी नभोवाणीने एकेकाळी नकार दिला होता. हक्कांच्या लढ्याला भाषेपासून प्रारंभ करावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९९६ मध्ये नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा झाला, तथापि त्यात दत्तकाचा अधिकार नव्हता. तो २००६ मध्ये मिळाला. जून २०१० मध्ये आलथिंग या संसदेने विवाहाचा कायदा सर्वांसाठी समान केला. त्या वेळी ४९ मते बाजूने पडली व विरोधात एकही पडले नाही. २०१९ मध्ये लिंगभाव स्वतः नोंदविण्याचा अधिकार देण्यात आला, तर २०२३ मध्ये लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांवर बंदी घालण्यात आली.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. २००८ च्या बँकसंकटानंतर रेक्याविकच्या संसदचौकात दर शनिवारी जी निषेधसभा भरे, तिचे प्रमुख संयोजक हॉर्दुर तॉरफासॉन हेच होते. त्या आंदोलनामुळे सरकार कोसळले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये योहान्ना सिगुर्दारदॉत्तिर पंतप्रधान झाल्या. आपली समलिंगी ओळख न लपविणाऱ्या त्या आधुनिक जगातील पहिल्या शासनप्रमुख होत. ज्या व्यक्तीला एकदा देश सोडावा लागला, तिच्याच हाकेला तोच समाज ओ देता झाला.

राजधानीतील जीवन

रेक्याविकमध्ये समलिंगींची अशी वेगळी वस्ती नाही. लोयगावेगुर या मुख्य रस्त्यावरील उपाहारगृहे व मद्यालये सर्वांसाठी खुली असतात. हाल्ग्रिम्सकिर्क्या या ७४.५ मीटर उंच चर्चकडे जाणारा स्कोलावोर्दुस्तीगुर रस्ता इंद्रधनुषी पट्ट्यांनी रंगविलेला आहे. ऑगस्टमध्ये होणाऱ्या अभिमान-उत्सवाची पहिली मोठी शोभायात्रा २००० मध्ये निघाली. आज तिला आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत संपूर्ण कुटुंबे उपस्थित राहतात. हा उत्सव पर्यटकांसाठी निर्माण केलेला नसून स्थानिकांचा आहे आणि त्यातच त्याचे आकर्षण सामावलेले आहे. जूनमधील मध्यरात्रीचा प्रकाश आणि सप्टेंबर ते एप्रिल या काळात दिसणारा ध्रुवीय प्रकाश यांमुळे इतर ऋतूंतही पर्यटकांचा ओघ राहतो. २०१० मध्ये पाच लाखांच्या आत असलेली परदेशी पर्यटकांची संख्या २०१८ मध्ये २३ लाखांच्या घरात गेली. लोकसंख्येच्या अनेक पट असलेला हा ओघ घरभाडे व निसर्ग या दोहोंवर ताण आणतो, हेही विसरता येत नाही.

भारतीय प्रवाशाच्या संदर्भात

आइसलँड शेंगेन क्षेत्रात समाविष्ट असल्याने भारतीयांना शेंगेन व्हिसा आवश्यक असतो. आवश्यक दाखले सादर केल्यास परदेशी समलिंगी जोडप्यांनाही तेथे विवाह करता येतो. मात्र त्या विवाहाचा परिणाम मायदेशाच्या कायद्यावर अवलंबून राहतो. भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाह हा मूलभूत अधिकार मानण्यास नकार दिला व हा विषय विधिमंडळाच्या कक्षेतील असल्याचे नमूद केले. परिणामी रेक्याविकमध्ये पती-पती वा पत्नी-पत्नी म्हणून नोंदले गेलेले जोडपे मुंबईच्या विमानतळावर उतरताच कायद्याच्या दृष्टीने परस्परांचे कोणीही राहत नाही. वारसा, विमा व रुग्णालयातील संमती या बाबतींत हा फरक प्रकर्षाने जाणवतो.

निष्कर्ष

आइसलँडची समलिंगी-स्नेही ही ओळख निसर्गसौंदर्यामुळे वा पर्यटनव्यवसायाच्या प्रचारामुळे निर्माण झालेली नसून कायदा, संघटना आणि काही व्यक्तींनी मोजलेली किंमत यांतून ती घडली आहे. १९४० ते २०१० हा सत्तर वर्षांचा कालखंड पाहता लहान व एकजिनसी समाजातही हे परिवर्तन सहज झाले नाही, हे स्पष्ट होते. पर्यटन व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापनात स्थळाच्या आकर्षणांबरोबर तेथील नागरिकांच्या हक्कांचाही विचार व्हावा. कारण पाहुण्याला मिळणारी सुरक्षितता ही यजमान समाजाने आपल्याच माणसांना दिलेल्या सन्मानावर आधारलेली असते.