विद्युत् शेगडी : दोषशोधन व सुटे भाग

विद्युत् प्रवाहामुळे तापणाऱ्या रोधक तारेच्या उष्णतेवर अन्न शिजविण्याचे घरगुती साधन. या शेगडीत ज्वाला, धूर वा काजळी नसते आणि हलणारे भागही जवळजवळ नसतात. त्यामुळे तीत उद्‌भवणारे दोष मोजके असून क्रमवार तपासणीने ते ओळखता येतात. अनेक तापक व भट्टी एकाच सांगाड्यात असलेल्या मोठ्या साधनास कुकिंग रेंज म्हणतात. ते पाश्चात्त्य देशांत रूढ असून भारतात एक वा दोन तापकांची सुटी शेगडी अधिक प्रचलित आहे. दोन्हींचे कार्यतत्त्व एकच आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत दोषाच्या अचूक निदानास विशेष महत्त्व येते. तेथे चुकीचा सुटा भाग आणल्यास दूरची फेरी वाया जाते आणि तोवर कामचलाऊ जोडणीवर शेगडी चालविल्यास जीवितास धोका संभवतो.

इतिहास व तत्त्व : संवाहकातून प्रवाह जाताना निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग, रोध व काल यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हा नियम जेम्स प्रेस्कट जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारे स्वयंपाकघर मांडण्यात आले होते. तथापि लाल होईपर्यंत तापूनही हवेत लवकर न गंजणारी तार तेव्हा उपलब्ध नव्हती. ॲल्बर्ट मार्श यांनी निकेल व क्रोमियम यांची मिश्रधातू तयार करून १९०६ मध्ये तिचे एकस्व मिळविले. निक्रोम या नावाने ती प्रसिद्ध असून तीत साधारणतः ८०% निकेल व २०% क्रोमियम असते. तापल्यावर तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडाचा चिवट थर बसतो व आतील धातूचे रक्षण होते. आजच्या शेगड्यांतील बहुतेक तापक याच किंवा लोह–क्रोमियम–ॲल्युमिनियम मिश्रधातूचे असतात.

रचना : साध्या शेगडीत चिनी मातीच्या थाळीवरील खाचांत निक्रोमचे वेटोळे बसविलेले असते. त्याची टोके पितळी अग्रांना मळसूत्रांनी आवळलेली असतात. अग्रांपासून बटणापर्यंतच्या तारांवर चिनी मातीचे मणी किंवा काचतंतूंचे वेष्टन असते. बंद प्रकारच्या तापकात वेटोळे धातूच्या नळीत असून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडाची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता वाहून नेते, पण वीज अडविते. काही शेगड्यांत तापमान मर्यादित ठेवणारा थर्मोस्टॅट असतो.

भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा आहे. या दाबास १,००० वॉटच्या शेगडीचा रोध सुमारे ५३ ओहम व प्रवाह सुमारे ४·३ अँपिअर असतो. २,००० वॉटच्या शेगडीचे हे आकडे सुमारे २६ ओहम व ८·७ अँपिअर असतात. निक्रोमचा रोध थंड व तप्त अवस्थांत फार बदलत नाही. म्हणून थंड शेगडीचा रोध साध्या बहुमापकाने मोजून तापक शाबूत आहे की नाही, हे ठरविता येते.

दोषशोधन : तपासणीपूर्वी प्लग खोबणीतून काढून घेणे व शेगडी पूर्ण थंड होऊ देणे आवश्यक असते. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. कारण बटण चुकीने उदासीन तारेवर जोडलेले असल्यास ते बंद असतानाही वेटोळ्यात दाब राहतो.

(१) शेगडी मुळीच तापत नसेल, तर प्रथम त्याच खोबणीत दुसरे उपकरण लावून पुरवठा तपासतात. पुरवठा ठीक असल्यास अनुक्रमे प्लग, वायर, बटण व वेटोळे पाहतात. वायर बहुधा प्लगजवळ किंवा शेगडीत शिरते तेथे, वारंवार वाकल्यामुळे, आतून तुटते. स्क्रूड्रायव्हरसारख्या टेस्टरचा दिवा लागला म्हणजे मंडल पूर्ण आहे, असे सिद्ध होत नाही. उदासीन तार तुटली असल्यास शेगडीच्या दोन्ही अग्रांवर दिवा लागतो, परंतु प्रवाह वाहत नाही.

(२) शेगडी मंद तापत असेल, तर दोष शेगडीतच असतो असे नाही. लांब वाहिनीच्या टोकाला असलेल्या पाड्यांवर दाब घटू शकतो. उष्णतेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने १८० व्होल्टला १,००० वॉटची शेगडी जेमतेम ६१३ वॉट देते. दोन लिटर पाणी २५° से. पासून उकळण्यास, उष्णतेचा अपव्यय न धरता, २३० व्होल्टला साडेदहा मिनिटे पुरतात. १८० व्होल्टला सतरा मिनिटे लागतात. म्हणून शेगडी चालू असताना जाणकाराकडून दाब मोजून घेतल्याविना तापक बदलणे व्यर्थ ठरते.

(३) दोन वेटोळ्यांच्या शेगडीत तीन टप्प्यांचे बटण असते. मंद टप्प्यात दोन्ही वेटोळी एकसरीत, मध्यम टप्प्यात एकच वेटोळे व तीव्र टप्प्यात दोन्ही समांतर जोडली जातात. प्रत्येक वेटोळे १,००० वॉटचे असल्यास अनुक्रमे ५००, १,००० व २,००० वॉट शक्ती मिळते. मंद टप्पा बंद पडून तीव्र टप्प्यात निम्मीच उष्णता मिळत असेल, तर एक वेटोळे तुटले आहे, हे शेगडी न उघडताही कळते.

(४) प्लग गरम होणे हे सैल संपर्काचे लक्षण होय. संपर्काचा रोध अवघा ०·२ ओहम असला, तरी ८·७ अँपिअर प्रवाहास तेथे १५ वॉट उष्णता निर्माण होते आणि खोबणीचे प्लॅस्टिक करपू लागते. अशा वेळी प्लग व खोबणी दोन्ही बदलावी लागतात. एकच बदलल्यास जुना भाग नव्यालाही बिघडवितो.

(५) शेगडी लावताच वितळतार जळणे हे संक्षिप्त मंडलाचे चिन्ह आहे. पावसाळ्यानंतर प्रथमच वापरलेल्या बंद तापकामुळे गळती-संरक्षक बटण पडत असेल, तर भुकटीत ओल शिरल्याचा संभव असतो. ही गळती साध्या बहुमापकावर दिसेलच असे नाही; तिच्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो. जाणकाराने मंद आचेवर वाळविल्यानंतरही गळती राहिल्यास तापक टाकून द्यावा लागतो.

(६) भांड्यास वा सांगाड्यास हात लावताच झिणझिण्या येत असल्यास शेगडीचा वापर तत्काळ थांबविणे, हाच एक उपाय आहे.

सुट्या भागांची निवड : शेगडीवरील छाप पुसला गेला वा तिचा उत्पादक बंद पडला, तरी योग्य भाग मिळू शकतो, कारण भागाची ओळख नावापेक्षा मापांवर अवलंबून असते. वेटोळ्यासाठी व्होल्ट व वॉट हे आकडे आणि खाचेची रुंदी पाहतात. चिनी मातीच्या थाळीसाठी व्यास, जाडी व भोकांमधील अंतर, तर बंद तापकासाठी वळणांचा आकार, नळीचा व्यास व अग्रांची रचना पाहतात. थर्मोस्टॅटसाठी अँपिअर व तापमानाची मर्यादा लागते. ही मापे कागदावर उतरवून जुना भाग सोबत नेणे सर्वांत खात्रीचे असते.

नवे वेटोळे खाचेच्या लांबीइतके एकसारखे ताणून बसवितात. ज्या ठिकाणी फेरे दाटतात, तेथे तार अधिक तापून तुटते. तुटलेली टोके पिळून जोडण्याची प्रथा सदोष आहे. त्यामुळे तारेची लांबी एक दशांशाने घटली, तर शक्ती सुमारे ११ टक्क्यांनी वाढते आणि जोडाच्या जागी तार पुन्हा जळते. डाखाचा जोड या तापमानास वितळतो. आतील जोडणीसाठी साधी पीव्हीसी वेष्टनाची तार निरुपयोगी असते. २,००० वॉटच्या शेगडीस किमान १·५ चौ. मिमी. जाडीची त्रिगाभा वायर व १६ अँपिअरचा प्लग लागतो. जुन्या शेगडीत ॲस्बेस्टसचा पत्रा वा दोरी असल्यास ती कापू अथवा झटकू नये. तिचे तंतू फुप्फुसांस अपायकारक असतात. नवा भाग घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहणे इष्ट असते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचे कार्य १९८७ पासून हा ब्यूरो करीत आहे.

जव्हार व मोखाडा येथील परिस्थिती : पूर्वीचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनानंतर हा प्रदेश पालघर जिल्ह्यात आला. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या समाजांची येथे वस्ती आहे. नाचणीची भाकरी व भात शिजविण्यासाठी लाकडाची चूल येथे परंपरेने वापरली जाते. विजेची शेगडी ही तिला वा गॅसला पूरक असते. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. जव्हार, मोखाडा व खोडाळा येथील बाजारांत न मिळणारा भाग त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने नाशिकहून, विक्रमगड–मनोरमार्गे पालघरहून किंवा थेट मुंबईच्या लोहार चाळीतून आणावा लागतो.

येथील भूरचनेचा सुरक्षिततेशी निकटचा संबंध आहे. बेसाल्ट खडकावरील मातीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ आहे. पाऊस विपुल पडूनही पाणी उतारावरून वाहून जाते व उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर टंचाई भासते. जमीन सुकली की भूयोजनाचा रोध वाढतो. मग सांगाड्यात वीज उतरली, तरी वितळतार जळण्याइतका प्रवाह जमिनीत जात नाही आणि दोष लपून राहतो. भूयोजनाच्या खड्ड्यात उन्हाळ्यातही ओल राखणे व घरात ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक बटण बसविणे, हे त्यावरील उपाय होत. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून उघड्या वेटोळ्याच्या शेगडीवर धातूचा डाव वा पळी वापरणे विशेष घातक असते. वेटोळ्यास पळी लागताच प्रवाह शरीरातून जमिनीकडे जातो.

प्रवर्तन शेगडी : इंडक्शन या नावाने परिचित असलेल्या शेगडीत तापणारी तार नसते, उच्च कंप्रतेच्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याचा तळच तापतो. त्यामुळे ॲल्युमिनियमचा टोप वा तांब्याचे भांडे ठेवल्यास ती तापत नाही. हा बिघाड नव्हे. तळास लोहचुंबक चिकटेल, असेच भांडे तीस चालते. तीतील धारित्रांत प्लग काढल्यावरही काही काळ विद्युत् भार राहतो. म्हणून ती घरी उघडू नये. पंख्याच्या जाळीवरील धूळ बाहेरून काढणे, एवढीच तिची घरगुती देखभाल होय.