मिसळलेले आणि जोडलेले

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुका भाताच्या शेतीचा आहे. तिकडे भाताला 'धान' म्हणतात. मळणीनंतर धानात पेंढ्याचे तुकडे, पोचट दाणे आणि माती मिसळलेली असते. वारा सुटला की शेतकरी सुपातून धान उंचावरून खाली सोडतो. भरीव दाणे जवळ पडतात आणि हलका कचरा दूर उडून जातो. याला 'उफणणे' म्हणतात. तुमची अम्मी घरी तांदूळ पाखडते आणि निवडते, तेही असेच काम आहे.

यात दाणा बदलतो का? नाही. तो जसा होता तसाच राहतो. अशा पद्धतीला भौतिक पद्धत म्हणतात. मिठाचे पाणी गाळून मीठ निघत नाही. पण पाणी आटवले की मीठ तळाशी उरते. येथेही मीठ ते मीठच राहते. म्हणून हीसुद्धा भौतिक पद्धतच होय.

आता याच जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चला. तेथे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. 'बुजुर्ग' हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच! गावाच्या नावात त्याचा अर्थ 'मोठे' असा होतो. मराठीतील 'बुद्रुक' हा शब्दही त्यापासूनच झाला आहे.

खाणीतील काळ्या, जड खनिजात दगडमाती असते. ती निवडून, धुऊन आणि चाळून काढता येते. पण मँगनीज धातू मात्र कितीही धुतले तरी हाती येत नाही. का बरे? कारण खनिजात मँगनीज ऑक्सिजनशी नुसते मिसळलेले नसते, तर जोडलेले असते. हा जोड तोडण्यासाठी खनिज कोकबरोबर भट्टीत खूप तापवावे लागते. कोकमधील कार्बन ऑक्सिजनला ओढून घेतो आणि धातू सुटा होतो. येथे पदार्थच बदलतो. म्हणून ही रासायनिक पद्धत होय. खनिजातील मँगनीज आणि लोह मिळून फेरोमँगनीज तयार होते. ते पोलादाच्या कारखान्यात लागते.

मग सगळेच खनिज थेट भट्टीत का घालत नाहीत? कारण दगडमाती तापवण्यात इंधन फुकट जाते. म्हणून आधी सोपी भौतिक पद्धत वापरतात आणि नंतर खर्चाची रासायनिक पद्धत.

मित्रांनो, कोणतेही दोन पदार्थ वेगळे करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : ते मिसळलेले आहेत की जोडलेले? उत्तर सापडले की पद्धतही सापडेल. आता सांगा पाहू, वाळूत मीठ सांडले तर ते परत कसे मिळवाल?