वयाच्या नावाखाली आजार झाकू नका

देवळी तालुक्यातील एक मायलेकीची जोडी श्रावणबाळ योजनेच्या अर्जासाठी आमच्याकडे आली होती. आई सत्तरीची. अंगठा लावताना तिची वाकडी झालेली बोटे आम्हाला दिसली. विचारले तर म्हणाली, "म्हातारपन हाय जी वकील साहेब, दुसरं काय!" लेक तिशीच्या आतली. सकाळी तासभर तिची मूठ वळत नाही, कापूस वेचायला हात उचलत नाहीत. सासरच्यांनी तिला कामचुकार ठरवले आणि माहेरी आणून सोडले. तपासणीत दोघींनाही आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, निघाला. एकीचा आजार म्हातारपणाने झाकला, दुसरीचा तरुणपणाने!

हा गुडघे झिजण्याचा आजार नव्हे. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, पुढे हाड खाल्ले जाते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोपडा यांनी 1996 पासून घरोघरी पाहणी केली. तेव्हा प्रौढांमध्ये याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे 200 माणसांमागे एक, आढळले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते दोन-तीन पट असते. मग आपल्या वस्तीत कोणी नाही, असे कसे म्हणता येईल?

वेदनाशामक गोळी आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन दुखणे दाबते, पण नुसत्या त्यावर राहिलो तर आत सांधा जळतच राहतो. आजार रोखणारे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जीवावर बेतते. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि अधूनमधून रक्ततपासणी करावीच लागते. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर हात वाचतात. हा नियम म्हाताऱ्यांना आणि तरुणांना सारखाच लागू आहे.

फरक आहे तो काळजीत. म्हातारपणी मूत्रपिंड मंदावते, म्हणून मात्रा कमी ठेवावी लागते. वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. पण वय झाले म्हणून औषधच न देणे, हा उपचार नव्हे, ती उपेक्षा आहे.

तरुण स्त्रीचा प्रश्न वेगळा. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने आधी थांबवून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासालाझिन देता येते. या आजाराने आईपण हिरावले जात नाही. लग्न मोडेल म्हणून आजार लपवून गोळ्या बंद केल्या, तर मात्र हात जातात. सोळा वर्षांखालील मुलांनाही सांध्यांचा असा आजार होतो. त्यांचे डोळे तपासून घेणे विसरू नये.

वर्धा जिल्हा वैद्यकीय सोयींना पारखा नाही. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीलाही आहे. पण रोजमजुरीवर जगणारी बाई एक दिवस बुडवून तिथे जाते ती बोटे वाकल्यावरच. मेथोट्रेक्सेट 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. मग आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ते मिळते का, रक्ततपासणी होते का, हे आपणच विचारले पाहिजे. आजारपण आणि अपंगत्वात सरकारने मदत करावी, असे संविधानाचे कलम 41 सांगते. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे कलम 47 सांगते. हात कायमचे निकामी होऊन अपंगत्व 40 टक्क्यांवर गेले तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळते. 65 वर्षांखालील दिव्यांग निराधारांसाठी संजय गांधी योजना आहे.

पण प्रमाणपत्र घेण्याची पाळीच का यावी? रविवारी विहारात जमणाऱ्या बायांना एकच प्रश्न विचारा: सकाळी उठल्यावर मूठ वळते का? जिची वळत नाही, तिच्यासोबत सोमवारी दवाखान्यात जा. ती वीस वर्षांची असो की सत्तरची.