लाव्याची पोपटी : चव रानाची, पक्षी पाळीव

भातकापणी उरकली की महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवरील गवत पिवळे पडू लागते. त्यातून चालताना अगदी पायाजवळून लाव्यांचा थवा फडफडत उठतो आणि क्षणात पुन्हा गवतात दडतो. फासे लावून हा पक्षी पकडण्याची रीत सह्याद्रीच्या रानांत जुनी. मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये रानातील लाव्याला संरक्षण असून त्याची शिकार हा गुन्हा आहे. कोणी दारावर विकायला आणला तरी तो घेऊ नये.

पानात वाढता येतो तो जपानी लावा. १९७४ साली हा पक्षी अमेरिकेतून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणला गेला आणि पुढे त्याचे पालन देशभर पसरले. वन्यजीव कायद्याचा आधार घेऊन २०११ मध्ये केंद्राने त्याच्या नव्या परवान्यांना मनाई केली होती. २०१३ मध्ये त्याला कायद्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. पाच आठवड्यांत तो सुमारे २०० ग्रॅमचा होतो.

अंगी चरबी बेताचीच असल्याने कोंबडीप्रमाणे रश्श्यात तासभर रटरटवला तर त्याचे मांस चिवट होते. त्याला मानवते ती वाफ, आणि ती रायगडच्या पोपटीत आयतीच मिळते.

भातानंतर जमिनीतील ओलीवर वाल येतो. त्याच्या शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस सुरू होतात. आख्ख्या लाव्याला आले-लसूण, हळद, लाल तिखट, मीठ आणि कोकमाचे आगळ चोळून तासभर मुरवावे व केळीच्या पानात बांधावे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर शेंगा, ओवा व जाडे मीठ पसरावे, मधोमध पुडे ठेवून पुन्हा शेंगा भराव्यात. पाण्याचा थेंबही घालावयाचा नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावाच वाफ धरतो. भांबुर्डा मिळाला नाही तर दुसरा पाला चालवून घेतात, पण त्याच्या उग्र गंधावाचून ती पोपटी कसली?

तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके उपडे ठेवावे आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या रचून जाळ करावा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडावे; ते चर्र आवाज करीत तत्काळ विरले की पोपटी झाली. पुडे गरम असतानाच सोडावेत. सोबत तांदळाची भाकरी आणि कच्चा कांदा पुरतो.